सरकारचं कार्ड, आपला खिसा

गॅदरिंगच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. सांस्कृतिक सचिव माझ्या केबिनमध्ये आला आणि त्याने दोन्ही खिसे टेबलावर रिकामे केले. फुलवाल्याची चिठ्ठी, झेरॉक्सचं बिल, रिक्षावाल्याचा नंबर लिहिलेला कागद, वडापावच्या कागदावर मांडलेली एक बेरीज. बाकीचा खर्च त्याच्या, त्याच्या रूम पार्टनरच्या आणि आणखी दोघांच्या यूपीआयमध्ये विखुरलेला. घाम पुसत तो म्हणाला, “सर, हे जुळवत बसण्यापेक्षा कॉलेज आम्हाला एक कार्डच का देत नाही? सरळ स्वाइप करू. हिशेब बँकच ठेवेल!”

मला हसू आलं, कारण असं कार्ड सहा वर्षं माझ्या खिशात होतं. एम.एस. झाल्यावर अमेरिकेतल्या एका सरकारी विद्यापीठात मी प्रयोगशाळेचा इंजिनियर म्हणून नोकरी केली. विद्यापीठ तिथल्या राज्य सरकारचं, म्हणजे मीही एका अर्थाने तिथला सरकारी नोकरच! रुजू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दोन तासांचं ट्रेनिंग, एक छोटीशी परीक्षा, एक सही, आणि माझं नाव छापलेलं कार्ड हातात. पर्चेसिंग कार्ड, तिकडच्या बोलीत पी-कार्ड. नाव माझं, पैसे जनतेचे. पुढे तेच कार्ड तीन महिन्यांसाठी माझ्याकडून काढूनही घेण्यात आलं. ती हकिकत येईलच, पण त्याआधी हे कार्ड आलं कुठून आणि चालतं कसं, ते सांगतो. नाहीतर माझं नेमकं काय चुकलं ते कळणार नाही.

अमेरिकेत सरकारी खरेदी पूर्वी आपल्यासारखीच होती, कदाचित आपल्यापेक्षा एक पाऊल पुढेच. १९९३ साली तिथले तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर डेव्हिड लेटरमन यांच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात गेले आणि डोळ्यांना गॉगल लावून, हातोडा घेऊन त्यांनी एक काचेचा ॲशट्रे फोडला. कारण काय, तर सरकारी ॲशट्रेचं पानंच्या पानं भरलेलं स्पेसिफिकेशन होतं आणि त्यात लिहिलं होतं की चाचणीत ॲशट्रे फोडल्यावर त्याचे ३५ हून जास्त तुकडे होता कामा नयेत. आपल्या मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्येही इतका विचार कोणी केला नसेल! गोर यांचं म्हणणं एवढंच होतं की दुकानात सहज मिळणाऱ्या वस्तूसाठी सरकार वस्तूपेक्षा महाग कागदपत्रं करतंय.

कार्डाचे प्रयोग १९८० च्या दशकातच सुरू झाले होते आणि १९८९ पासून ते सगळ्या केंद्रीय खात्यांना खुलं झालं. पण त्याला खरी गती आली ती १९९४ च्या एका कायद्याने. त्या कायद्याने ‘मायक्रो-पर्चेस’ नावाची पायरी तयार केली. २,५०० डॉलरपर्यंतच्या खरेदीला स्पर्धात्मक कोटेशनं मागवायची गरज नाही, भाव वाजवी वाटला की घ्या. ही मर्यादा २००६ मध्ये ३,००० झाली, २०१५ मध्ये ३,५००, २०१८ मध्ये १०,००० आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून १५,०००. बांधकामाला मात्र ती २,००० आणि बऱ्याचशा सेवांना २,५०० डॉलरच राहिली, कारण तिथे मजुरांच्या किमान वेतनाचे कायदे आडवे येतात. १९९८ पासून हा सगळा कारभार ‘स्मार्टपे’ या नावाने चालतो. सरकार मोठ्या बँकांशी करार करतं, बँक कार्ड देते, बिल सरकार भरतं. राज्य सरकारं आणि विद्यापीठं आपापली वेगळी कार्डं चालवतात. नियमांचा साचा साधारण तोच असतो, फक्त मर्यादा ज्याची त्याची.

आता सचिव म्हणाला तसं, हिशेब बँक ठेवते का? अर्धाच! आणि हा अर्धेपणा नीट समजून घेण्यासारखा आहे.

प्रत्येक दुकानाला कार्ड कंपनीच्या व्यवस्थेत चार आकडी कोड असतो. रेस्टॉरंटला ५८१२, जुगाराला ७९९५, रोख काढण्याच्या यंत्राला ६०११. कार्ड देतानाच नको असलेले कोड बंद करून ठेवतात. त्यामुळे मी सरकारी कार्ड घेऊन कॅसिनोत गेलो असतो, तर मशीननेच मला हाकललं असतं. प्रत्येक व्यवहाराची एक मर्यादा आणि महिन्याची दुसरी, तीही यंत्रच पाळतं. इथपर्यंत ठीक. पण यंत्राला दिसतं ते दुकान, तारीख आणि रक्कम. पिशवीत काय आहे ते बहुतेक वेळा त्याला दिसत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून मी लॅबसाठी ड्रिल बिट घेतले की घरच्या बाथरूमसाठी नळ घेतला, हे बँकेच्या स्टेटमेंटवर सारखंच दिसतं. कशासाठी घेतलं, कोणी मागितलं, खरंच गरज होती का, हे तर कोणत्याही यंत्राला कळत नाही. म्हणून तपशीलवार पावती हवी. नुसती कार्डाची चिठ्ठी चालत नाही, कोणती वस्तू, किती नग, काय भाव हे त्यावर असावं लागतं. शिवाय प्रत्येक खरेदीपुढे कारणाची एक ओळ.

बारीकसारीक गोष्टीही असतात. सरकारी संस्थेला तिथे विक्रीकर माफ असतो, पण तो आपण सांगितल्याशिवाय दुकानदार माफ करत नाही. एकदा मी विसरलो, १ डॉलर ४० सेंट कर लागला आणि तो परत मिळवायला सोळा मैल गाडी हाकत गेलो. पेट्रोल अर्थातच माझं! केंद्रीय खात्यांतल्या लोकांना तर साधं बॉलपेन घेतानाही आधी अंध आणि अपंग कामगारांनी बनवलेल्या वस्तूंची यादी पाहावी लागते. आणि एकाच ओळखीच्या दुकानदाराकडे सारखं जाऊ नये, खरेदी जमेल तितकी वाटून करावी, असंही त्यांच्या नियमांत आहे. दर खेपेला कोटेशन मागवायचं नाही, मग निदान दुकान तरी बदला, असा त्यामागचा हिशेब असावा.

या सगळ्याचा कणा मात्र एकच, तीन हात. वस्तू मागवणारा एक, मिळालेली वस्तू मोजून घेणारा दुसरा आणि महिन्याच्या स्टेटमेंटवर सही करणारा तिसरा. तिघांपैकी एक जरी झोपला तरी कार्ड म्हणजे उघडी तिजोरी. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. तिथल्या संसदेच्या वतीने सरकारी खर्च तपासणारी संस्था म्हणजे जीएओ, आपल्याकडच्या कॅगसारखी समजा. तिने २००१ मध्ये सॅन दिएगोतल्या नौदलाच्या दोन कार्यालयांची तपासणी केली. त्यातल्या एका कार्यालयात १,१५३ कार्डधारक होते, महिन्याला दहा हजारांहून जास्त व्यवहार होत होते आणि त्या सगळ्यांच्या बिलावर सही करणारा अधिकारी एक! त्याने पावत्या वाचल्या असतील असं तुम्हाला वाटतं?

२००८ साली याच संस्थेने सगळ्या केंद्रीय खात्यांचा आढावा घेतला. नमुन्यावरून काढलेला अंदाज असा की ४१ टक्के व्यवहारांत एक तर आधीची रीतसर मंजुरी नव्हती किंवा वस्तू दुसऱ्या कोणी ताब्यात घेतल्याची नोंद नव्हती. २,५०० डॉलरच्या वरच्या खरेदीत हाच आकडा ४८ टक्के. लॅपटॉपसारख्या सहज उचलून नेता येतील अशा १,०५८ वस्तू त्यांनी दाखवायला सांगितल्या, तर ४५८ वस्तू कुठे आहेत हे खात्यांना दाखवता आलं नाही. त्याच अहवालात वनखात्यातल्या एका कर्मचारी बाईंचं प्रकरण आहे. कार्डाच्या खात्यावर मिळणारे चेक लिहून त्यांनी सहा वर्षांत ६ लाख ४२ हजार डॉलर आपल्या मित्राकडे वळवले. शिक्षा २१ महिन्यांची कैद. २०१२ मध्ये तर या कार्डांच्या गैरवापराविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला.

मला यातला कैदेचा भाग फारसा शिकवणारा वाटत नाही. चोर हा चोरच, कार्ड नसतं तर त्याने दुसरं काही शोधलं असतं. ते ४१ टक्के मात्र माझ्या डोक्यातून जात नाहीत. ते सगळे चोर नव्हते. त्यातले बरेचसे माझ्यासारखे असणार, घाईत असलेले, कामसू, ‘मी करतो, काळजी करू नका’ म्हणणारे.

तर माझी हकिकत.

आमच्या लॅबचा व्हॅक्यूम पंप बसला. बारा दिवसांनी पैसे देणाऱ्या संस्थेचे लोक प्रयोग पाहायला येणार होते. नवा पंप, त्याचा गेज आणि व्हॉल्व्ह मिळून ४,१८० डॉलर. माझ्या कार्डाची एका व्यवहाराची मर्यादा २,५००. रीतसर मार्ग म्हणजे मागणीपत्र भरायचं, कोटेशनं घ्यायची, खरेदी विभागाची ऑर्डर निघायची, म्हणजे कमीत कमी तीन आठवडे. प्रोफेसर म्हणाले, “काहीतरी कर, पण मला पंप पाहिजे.” मी विक्रेत्याला फोन लावला. तो मोठा अनुभवी! मी काही बोलायच्या आतच म्हणाला, “लिमिट किती आहे तुमचं? दोन इन्व्हॉइस करून देतो.”

पंप सोमवारी, २,३५० डॉलरला. गेज आणि व्हॉल्व्ह बुधवारी, १,८३० डॉलरला. पंप वेळेत आला, प्रयोग छान झाला, प्रोफेसरांनी सगळ्या लॅबला पिझ्झा खिलवला (स्वतःच्या पैशाने).

खरं सांगतो, त्या वेळी मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. पैसा खिशात घातला नव्हता, भाव योग्य होता, वस्तू लॅबमध्येच होती. आणि मनाशी युक्तिवादही तयार होता, पंप वेगळी वस्तू, गेज वेगळी वस्तू! पण ट्रेनिंगमध्ये शिकवलेली कसोटी वस्तूंची नव्हतीच. कसोटी अशी की, खरेदी करताना एकूण गरज तुम्हाला माहीत होती का? मला सोमवारी सकाळीच ठाऊक होतं की तिन्ही गोष्टी लागणार. मग बिलं दोन असोत की दहा, तारखा कोणत्याही असोत, खरेदी एकच. याउलट बुधवारी पंपाचं गॅस्केट फाटलं असतं आणि मी नवं आणलं असतं, तर ती खरोखर दुसरी खरेदी ठरली असती, अगदी त्याच दुकानातून, त्याच दिवशी आणली तरी.

सहा आठवड्यांनी कार्ड ऑफिसचा दोन ओळींचा ईमेल आला. सापडलो कसा? आपल्या सेकंड इयरचा कोणीही विद्यार्थी लिहील अशा एका क्वेरीने. एकच कार्डधारक, एकच दुकान, पाच दिवसांच्या आत दोन किंवा अधिक व्यवहार, बेरीज मर्यादेच्या वर. बस्स. मर्यादेच्या जेमतेम खालच्या रकमाही ते अशाच गाळून काढतात. मी डेटाबेस शिकलेला माणूस, पण आपण स्वतः कोणाच्या तरी टेबलातली एक ओळ आहोत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. कार्ड तीन महिने बंद, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. प्रोफेसरांनाही विचारणा झाली. त्यांनी कळवलं की खरेदी कशी केली याची त्यांना कल्पना नव्हती. शब्दशः पाहिलं तर खोटं नव्हतं ते. ‘काहीतरी कर’ यात इन्व्हॉइसचा उल्लेख कुठे होता? कार्डावर नाव माझं होतं, सही माझी होती.

पण लागलं ते वेगळंच. माझ्या स्टेटमेंटवर सही करायच्या त्या आमच्या विभागाच्या ऑफिसातल्या बाई. निवृत्तीला आलेल्या, सगळे त्यांना नावानेच हाक मारायचे, तिकडची पद्धतच ती. माझा पहिला हिवाळा होता तेव्हा स्वतःच्या मुलाचा जुना कोट त्यांनी मला आणून दिला होता. माझी पानं त्या न वाचता सही करायच्या, कारण मी कधी गडबड करणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्यांच्या फाइलमध्ये लेखी ताकीद गेली. तीसएक वर्षांच्या नोकरीत पहिली. मी माफी मागायला गेलो तेव्हा रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “मी त्या महिन्यात तुला दोन बिलांबद्दल विचारलं असतं, तर तू खरं सांगितलं असतंस ना?”

मी हो म्हणालो. सांगितलं असतं का, ते मला आजही नक्की माहीत नाही. बहुधा ‘पंप वेगळा, गेज वेगळा’ असंच म्हणालो असतो.

त्या तीन महिन्यांत लॅबमधल्या मुलांना साधा सोल्डर वायर हवा असला तरी दुसऱ्या विभागात जाऊन अजिजी करावी लागायची. कार्ड परत मिळाल्यावर मी एक वही केली. खरेदीच्या आधी लिहायचं, नंतर नाही. कोणी मागितलं, कशासाठी, एकूण गरज काय, दुसऱ्या कोणत्या दुकानात भाव पाहिला. वस्तू आली की मी खोका उघडायचा नाही, ज्याने मागितली नाही अशा तिसऱ्याच विद्यार्थ्याने उघडून, मोजून सही करायची. सुरुवातीला पोरं हसायची. आणि त्या बाई? त्यानंतर त्या दर महिन्याला माझ्या प्रत्येक पावतीवर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारायच्या. मला ते आवडायला लागलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

एक उलटं उदाहरणही सांगतो. एकदा किराणा दुकानात घाईत मी चुकून हेच कार्ड ओढलं. दूध, अंडी, ब्रेड, ११ डॉलर आणि काही सेंट. पाकिटात दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवायची, दुसरं काय होणार! या वेळी मात्र पार्किंगमधूनच कार्ड ऑफिसला फोन केला, दुसऱ्या दिवशी पैसे भरले, पावती जोडली. काहीही झालं नाही. हीच चूक महिनाभर लपवली असती तर तिचं नाव बदललं असतं.

नियम फार ढिले ठेवले तर काय होतं ते वर आलंच. फार आवळले तर काय होतं तेही अमेरिकेने पाहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्षांच्या आदेशाने केंद्रीय कर्मचाऱ्यांची कार्डं ३० दिवसांसाठी गोठवण्यात आली, काही खात्यांत तर मर्यादा एका डॉलरवर आणली गेली. एका डॉलरमध्ये प्रयोगशाळा चालत नाही, हे आपल्या स्टोअरमधले काकाही सांगतील.

काकांवरून आठवलं. आपल्याकडे खरेदीचा रस्ता वेगळा आहे, पण खड्डे तेच! केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, २०१७, काढून पाहा. नियम १५४ प्रमाणे ठरावीक रकमेपर्यंत कोटेशनशिवाय वस्तू घेता येते. ही रक्कम आधी २५,००० रुपये होती, २०२४ मध्ये ५०,००० झाली. पण घेणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं असतं की मालाचा दर्जा हवा तसा आहे, विक्रेता भरवशाचा आहे आणि भाव वाजवी आहे याची मी व्यक्तिशः खात्री करून घेतली आहे. व्यक्तिशः! आणि नियम १५७ म्हणतो की वरच्या अधिकाऱ्याची मंजुरी टाळण्यासाठी मागणीचे तुकडे पाडू नयेत. म्हणजे माझा पंप तिकडेही अडकला आणि इकडेही अडकला असता. आता बहुतेक वस्तू आधी जेम पोर्टलवर पाहाव्या लागतात हे खरं, पण ‘सर, दोन बिलं करू का?’ हा प्रश्न पोर्टल आल्याने बंद झालेला नाही. विचारणाऱ्याच्या मनात पाप असतं असंही नाही. काम अडलेलं असतं, एवढंच.

सचिवाला मी हे सगळं सांगितलं. (अर्ध्यात त्याचा फोन वाजला, स्टेजवाला होता. तोही दोन बिलांचंच विचारत होता, देवाशपथ!) कार्ड काही त्याला मिळालं नाही, ते माझ्या हातातही नव्हतं. त्याऐवजी आम्ही ॲडव्हान्सची रक्कम ठरवली, पैसे एकाच मुलाच्या यूपीआयमधून जातील असं ठरवलं आणि शंभर पानी वही आणली. खर्च करणारा सचिव, सामान मोजून घेणारी लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह आणि रोज रात्री मेसमध्ये जेवण झाल्यावर पानावर सही करणारा मेस सेक्रेटरी. या तिसऱ्याचा सचिवाशी दोन वर्षांपासून अबोला आहे. मी मुद्दामच निवडला.

हिशेब परवा बंद केला. बावन्न पावत्या लागल्या, एकीचा पत्ता नाही, ३७ रुपये जुळत नाहीत. ९ तारखेच्या रात्री रंगीत तालमीनंतर चहा कोणी आणला होता, हे कोणाला आठवत असेल तर त्याने येऊन लिहावं. वही माझ्या टेबलावर आहे.